चामोर्शी रस्त्यावरचा दगड

गडचिरोलीच्या मुख्य रस्त्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका दिवाळी अंकाला मी तो लिहूनही दिला. चार रस्ते मिळतात तो चौक, चौकातलं तेव्हाचं आंब्याचं झाड आणि त्याच्या सावलीत थांबणाऱ्या एस.टी., कौलारू रेस्ट हाउस, तळ्याची पाळ, राइस मिल, मिलच्या पुढची मोरी. ब्याऐंशी साली गाव जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि बैलगाड्यांच्या त्या रस्त्याचं पुढच्या दोन-तीन वर्षांत काय झालं, तेही लिहिलं. लोकांना आवडलं. एका निवृत्त मास्तरांनी फोन करून सांगितलं, "भाऊ, एकही खूण सोडली नाई तुम्ही."

एक सोडली होती. विसरून नाही. लिहिता लिहिता ती जागा आली तेव्हा मी पेन थांबवलं, बाहेर जाऊन पाणी प्यायलो, आणि परत येऊन मोरीवरून सरळ नाक्यावर गेलो. मधला तुकडा उडवला. माझ्या बायकोलाही या तुकड्याबद्दल माहीत नाही. मी बोलणारा माणूस नाही, असं घरचे म्हणतात. बोललो असतो तर हे आधी बोलावं लागलं असतं, म्हणून कशावरच फार बोललो नाही, असंही असेल.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. चंद्रपूरला डिप्लोमा करून रस्त्याच्या कामावर हंगामी लागलो होतो. काम लेव्हलिंगचं. तिपाईवर दुर्बीण लावायची, समोर माणसानं उंच पट्टी धरायची, पट्टीवरचा आकडा दुर्बिणीतून वाचून वहीत लिहायचा. रस्ता कुठे चढतो, कुठे उतरतो, हे त्या आकड्यांवरून ठरतं. पट्टी धरणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. माझा खलाशी पन्नाशीचा होता, जातीनं ढिवर. पहाटे तळ्यात जाळं टाकून मग कामावर यायचा आणि पट्टीलाही मासळीचा वास लावायचा. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला सायब म्हणायचा. दोघांनाही ठाऊक होतं की कामातलं जास्त त्यालाच कळतं.

लेव्हल घ्यायची तर एक न हलणारी जागा लागते. तिची उंची एकदा पक्की केली की बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. तिला बेंचमार्क म्हणतात. रेस्ट हाउसच्या जोत्यावर आमचा एक होता. चामोर्शीच्या अंगाला मात्र काही सापडत नव्हतं. मोरीचे कठडे मोडकळीला आलेले, पुढे दोन्हीकडे धानाचे बांध. मग तो दगड दिसला. रस्त्याच्या डाव्या हाताला, कमरेच्या वर येईल एवढा, न घडवलेला, काळा, उभा. मी जाऊन त्याला खांदा लावून पाहिला. हलला नाही. मला आनंद झाला.

खलाशी पट्टी खांद्यावर घेऊन मागेच उभा राहिला.

"सायब, हा मैलाचा दगड नोहे."

"मग कशाचा?"

"कोन्या माडियाचा असन. मानूस मेला का लावतेत ते."

पायथ्याशी मूठभर गोटे होते, उन्हानं पांढरी पडलेली एक चिंधी होती. मी म्हणालो, "दगडच आहे ना, भाऊ?"

"दगड तर दगडच हाय," तो म्हणाला. "मानूस बी मानूसच असते."

इथे मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं, कारण बरीच वर्षं मी त्याच्या आड लपलो. आमचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. वडिलांनी देवघरातले टाक, शेंदूर फासलेले गोटे, सगळं टोपलीत भरून इरई नदीत सोडलं होतं आणि ते अभिमानानं सांगत. दगडापुढे वाकायचं नाही, हे मी चालायला शिकलो तसं शिकलो. मी स्वतःला सांगत आलो की त्या दिवशी मला तिथे नुसता दगड दिसला, कारण मी तसा वाढलो होतो. पण ते खरं नाही. त्या दगडात देव नव्हता, मेलेला माणूस होता, आणि खलाशानं ते मला सरळ सांगितलं होतं. वडील तिथे असते तर त्यांना फरक लगेच कळला असता. शिवाय खोटं बोलायचं नाही, हेही त्याच घरानं दर पौर्णिमेला पंचशीलात माझ्याकडून म्हणवून घेतलं होतं. पुढे गरज पडली तेव्हा ते मला आठवलं नाही.

मी छिन्नी मागितली. दगडाच्या अंगावर बाण कोरला, चुन्याचा चौकोन केला, त्यात लाल रंगानं लिहिलं: बी.एम. ७.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिपाई लावत होतो तेव्हा एक बाई दगडापाशी येऊन थांबली. डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा. चौकातल्या हॉटेलांना ती पत्रावळी आणि द्रोण लावून देई, हे नंतर कळलं. वय साठीच्या आसपास, कपाळावर गोंदण, अंगानं काटक. भारा न उतरवता तिनं विचारलं, "बाबू, काय लिवलं हे?"

मी उत्तर द्यायच्या आत खलाशी तिचं गोंदण पाहून अंदाजानं बोलला. "सरकारनं तुह्या मानसाले नंबर देला, बाई. आता तो सरकारी झाला."

त्याला गंमतच करायची होती. मी हसलो. ती हसली नाही.

"तो सरकारीच होता," ती म्हणाली.

तिचा नवरा मैलकुली होता. आता ते पद ऐकू येत नाही. रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाकडे असे. खड्डे बुजवायचे, मोऱ्या साफ करायच्या, कडेची झाडं जगवायची, पावसाळ्यानंतर मैलाच्या दगडांना चुना आणि झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. चौकापासून पुढचा तुकडा याच्याकडे वीसेक वर्षं होता. मूळचा एटापल्लीकडच्या जंगलातला माडिया, रस्त्याच्या कामावर आला आणि राहिला. एका उन्हाळ्यात दुपारी खड्ड्यात मुरूम भरता भरता तिथेच पडला. पुढच्या वर्षी भाऊबंदांनी डोंगरातला दगड ट्रकवर घालून आणला, जेवण घातलं, आणि तो पडला त्या जागी उभा केला.

हे सगळं तिनं एका दमात सांगितलं नाही. भारा डोक्यावर असताना फक्त एवढंच म्हणाली: "झाडाले नंबर हाय. मैलाले नंबर हाय. मोरीले हाय. साऱ्याले त्यानंच चुना मारला. त्याले सोताले नव्हता."

मी तेव्हा सांगू शकलो असतो की बाई, हा नंबर आमच्या मोजणीपुरता आहे, काम संपलं की याला काही अर्थ नाही. दोन वाक्यं होती. मी दुर्बिणीत डोकं घातलं.

त्यानंतर ती रोज जाता-येता थांबू लागली. दगडाचा चुना फिका पडलेला दिसला की सांगायची, "बाबू, नंबर पुसून राह्यला." मी रस्त्याच्या त्या इतिहासाबद्दल आज जे काही लिहितो-बोलतो, त्यातलं अर्धं तिचं आहे. करंज कोणत्या सालच्या दुष्काळात जगवले, मिलच्या पुढची मोरी आधी सागाच्या ओंडक्यांची होती, आंब्याच्या झाडाखाली एस.टी. थांबायच्या आधी लाकडाच्या गाड्यांचे बैल बांधत. दिवाळी अंकात मी लिहिलं, 'जुने जाणकार सांगतात.' जाणकार ही एकटी होती.

एका सकाळी ती बराच वेळ दगडाला वीत लावून मोजत बसली. मग माझ्याकडे वळली.

"तुमच्या दुर्बिनीत दिसते काय, वाढला का नाई?"

"काय वाढला?"

"दगड." मीच अडाणी असल्यासारखं तिनं पाहिलं. "मेलेला मानूस खुश असला का त्याचा दगड वाढते. नाई तर खचते. माही वीत म्हातारी झाली, मले समजून नाई राह्यलं."

आता बेंचमार्क म्हणजे काय ते वर सांगितलं. तो हलत नाही म्हणून तर तो निवडायचा. मी दुर्बीण फिरवली, खलाशाला पट्टी दगडावर ठेवायला लावली, आकडा वाचला. नेहमीचाच होता. डोळा न काढता मी म्हणालो, "एक सूत वाढला, बाई."

आठ सुतांचा इंच होतो. गवंडी, सुतार सगळे ते माप वापरतात, तिलाही ठाऊक होतं. तिनं अंगठा आणि बोट जुळवून तेवढी फट केली, ती फट बराच वेळ पाहिली, आणि भारा उचलून गेली.

खलाशी पट्टी घडी करत म्हणाला, "सायब, बेंचमार्क वाढला म्हनजे आपली सारी वही चुकली ना?"

"गंमत केली, भाऊ."

"हव. पन तिनं गंमत नाई ऐकली."

त्या हिवाळ्यात मी तिला तीन सूत वाढवून दिले. महिन्या-दीड महिन्यानं ती विचारायची आणि मी दुर्बीण लावायचो. खरंच लावायचो, नाटक पूर्ण करायचो. तिनं मला पानाच्या द्रोणात चारोळी आणून दिली, भाजलेली मोहफुलं दिली, आणि मी ती खाल्ली. चौकातल्या हॉटेलात चहावाला मला म्हणाला, "काय सायब, बुढीचा नवरा वाढवून राह्यले म्हनते तुम्ही." सगळे हसले. मीही हसलो. मला तेव्हा ते चांगुलपणाचं वाटत होतं. एका म्हातारीला बरं वाटतं, आपलं काय जातं?

मग रस्ता रुंद करायचा नकाशा आला. कडेची रेघ मीच जमिनीवर उतरवली, खुंट्या मीच ठोकल्या. दगड रेघेच्या नऊ फूट आत येत होता. झाडांवर नवे आकडे पडले. हे आकडे जगवायचे नव्हते, तोडायचे होते. होळीच्या आधीच करंज पडायला लागले. तिच्या नवऱ्यानं चुना मारलेलं एकेक झाड खाली येत होतं आणि ती भारा डोक्यावर घेऊन बाजूनं चालत होती. तिनं मला विचारलं, "नंबर होता ना झाडाले?" मी म्हणालो, "झाडांचं वेगळं असतं, बाई."

काय वेगळं असतं, ते तिनं विचारलं नाही. पण घाबरली होती. कारण तिच्या निरोपावरून आठ-दहा दिवसांत तिचा पुतण्या आला.

पुतण्या पंचवीस-सव्वीसचा, माझ्यापेक्षा थोडा मोठा. बांबूच्या ट्रकवर भराईचं काम करायचा. ट्रक जंगलातून बांबू भरून बल्लारपूरला जात आणि रिकामे परतत. त्यानं एका ड्रायव्हरला पटवलं होतं की येताना वाट वाकडी करून गडचिरोलीवरून चल, काकाचा दगड गावी न्यायचा आहे. तिकडे त्यांच्या मेलेल्यांचे दगड एका जागी उभे असतात, त्या रांगेत लावू म्हणाला. सोबत चार माणसं होती, पहारी होत्या, पूजेचा कोंबडा होता. ट्रक मोरीपाशी उभा होता. सकाळचे अकरा वाजले असतील. म्हातारीनं सगळ्यांना थांबवलं आणि मला बोलवायला आली.

"बाबू, हे दगड नेतो म्हनतेत. नेऊ काय? का राहू देऊ? तुमचा नंबर हाय म्हनून विचारलं."

मी तिच्या मागे गेलो. पुतण्यानं हात जोडले. "सायब, रस्ता मोठा होते म्हनतेत. काकाले धक्का नाई लागन ना?"

एवढाच प्रश्न होता. उत्तर मला माहीत होतं, खुंटी समोर दिसत होती. न्या, आजच न्या, एवढं म्हणायचं होतं. पहारी आणलेल्याच होत्या.

मी काय विचार केला तेही सांगतो. पंधरा दिवसांनी मोठ्या साहेबांची तपासणी होती. चामोर्शीकडच्या सगळ्या लेव्हल त्या दगडावर बांधल्या होत्या. दगड गेला तर नवा बेंचमार्क करून रेस्ट हाउसपासून पुन्हा सगळं मोजत यायचं, मार्चच्या उन्हात, आणि साहेबांना सांगायचं की मी एका मयताच्या दगडावर बेंचमार्क मारला होता, आता त्याचे नातेवाईक घेऊन गेले. साहेब ऑफिसभर हसले असते. माझी नोकरी हंगामी होती, पुढची ऑर्डर तपासणीवर होती. तपासणी झाली की सांगू, पंधरा दिवसांनी न्या म्हणू. मनाशी हेही ठरवलं की ट्रकची सोय आपणच करू. हे सगळं दगडाकडे बघत अर्ध्या मिनिटात ठरवलं.

तोंडानं म्हणालो, "नंबर आहे. नंबर असलेल्या दगडाला कोणी हात लावत नाही."

खलाशी माझ्या बाजूला उभा होता. तो खाली बघू लागला.

पुतण्या म्हाताऱ्या काकीला त्यांच्या भाषेत काही बोलला, ती त्याला काही बोलली. मग तो मला म्हणाला, "सायब म्हनते तर राहू देतो. इथीच जलमभर काम केलं त्यानं." ट्रक रिकामा गेला. कोंबडा त्यांनी दगडापाशी कापला आणि मलाही थांबायला सांगितलं. मी काम आहे म्हणालो.

तपासणी झाली. साहेबांनी वही चाळली, दोन ठिकाणी सही केली, बरं म्हणाले. मोरीची नवी भिंत तोवर तयार झाली होती. मी बेंचमार्क तिच्यावर उतरवून घेतला. त्या दिवसापासून दगड माझ्या कामाचा राहिला नव्हता आणि मी मोकळा होतो. सांगायला सहा दिवस होते. त्या सहा दिवसांत मी तिच्या झोपडीवरून रोज दोनदा सायकलनं गेलो. ती पत्रावळीला काड्या टोचत बसलेली असायची, मान वर करून "बाबू" म्हणायची. मला लाज वाटत होती, कारण आता सांगायचं म्हणजे तेव्हा खोटं बोललो हेही सांगायचं. उद्या सांगू. सहा उद्या झाले.

सातव्या दिवशी ती तेंदूपत्त्याच्या तोडणीला धानोऱ्याकडे निघाली. पंधरा-वीस दिवस जंगलात राहायचं होतं. जाताना माझ्याकडे आली. गाठोडं काखेत, पायात टायरच्या चपला.

"मी नाई इथी. तुम्ही हाव ना?"

"आहे."

"पाहजा मंग."

चार दिवसांनी मी बहिणीच्या लग्नाला चंद्रपूरला गेलो. जाताना मुकादमाला सांगितलं, तो दगड मी येईपर्यंत राहू दे. त्यानं हो म्हटलं. लग्न रविवारी झालं, मंगळवारी परतायचं होतं. बल्लारपूरचा एक वर्गमित्र म्हणाला, चल, नदीवर जाऊ, दोन दिवस पत्ते खेळू. मी गेलो. दोनाचे चार झाले. कोणी आजारी नव्हतं, एस.टी. बंद नव्हती, काहीच कारण नव्हतं. पत्त्यांत कोण जिंकलं तेही आठवत नाही.

परत आलो तेव्हा मोरीच्या पुढे रोलर फिरला होता. डावी बाजू सपाट, वर मुरूम पसरलेला, पाणी मारलेलं. खलाशी झाडाच्या बुंध्यावर बसला होता. मला पाहून उठला नाही.

"कधी?" मी विचारलं.

"बुधवारी. मी म्हटलं मुकादमाले, सायब येऊ द्या. तो म्हने मंगळवारी येनार होता तुहा सायब, बुधवार झाला. रोलर काय वाट पाह्यते?"

"दगड कुठे टाकला?"

"टाकन कुठी? दगडच पाहिजे होते भराईले." त्यानं रस्त्याकडे हात केला. "घनानं फोडला. लवकर नाई फुटला. चांगला दगड होता."

मग एवढंच म्हणाला, "तिले तुम्ही सांगजा. मी नाई सांगनार."

ती आली तेव्हा बोटं तेंदूपत्त्याच्या चिकानं काळी झाली होती. गाठोडं घरी न ठेवता सरळ मोरीवर आली. मी तिथेच होतो, तिपाई लावून. तिनं रस्ता पाहिला, दोन्हीकडे पाहिलं, थोडं मागे जाऊन पुन्हा पुढे आली. आपलीच चूक झाली असेल, जागा आणखी पुढे असेल, असं वाटून चालली. मग माझ्यापाशी आली.

"बाबू, कुठी गेला?"

मी तयारी करून आलो होतो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "वर नेला, बाई. मोठ्या ऑफिसात. नंबर होता ना त्याला. जपून ठेवलाय."

खलाशी पट्टी टाकून निघून गेला. त्यानंतर तो माझ्या हाताखाली कामाला आला नाही. दुसऱ्या साहेबाकडे बदलून घेतलं.

तिच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला समाधान म्हणू नये, पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे. म्हणाली, "तिथी उभा ठेवला ना? आडवा नाई ठेवत."

"उभाच आहे."

मग ती त्याला पाहायला जाऊ लागली. तेव्हा गावात नवीन ऑफिसं रोज उघडत होती, भाड्याच्या घरांत, शाळेच्या खोल्यांत. कोणतं मोठं, तिला काय कळणार? बाजाराच्या दिवशी पत्रावळी देऊन झाल्या की एकेका दारात जाऊन विचारायची, माह्या मानसाचा दगड इथी ठेवला काय, सात नंबरचा. शिपाई हाकलायचे. एकदा मी एका फाटकात तिला उभी पाहिली. शिपाई विचारत होता, "कोनं सांगतलं तुले?" आणि ती सांगत होती, "रस्त्यावरचा बाबू. चांगला मानूस हाय." मी सायकल वळवून तळ्याच्या पाळीवरून गेलो.

मी बदली मागितली. माजरीकडच्या रस्त्यावर मिळाली, कोळशाच्या धुळीत, कोणी तिकडे जायला तयार नसे म्हणून लगेच मिळाली. तिथून चंद्रपूरला ऑफिसात बसायचं काम आलं. नोकरी कायम झाली, लग्न झालं.

अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला एका दुपारी पुतण्या माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. मी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. त्यानं मला शोधत तीन ऑफिसं केली होती. काकी गेली, म्हणाला. तिचा दगड लावायचा आहे. आमच्यात बाईचा दगड तिच्या माणसाच्या बाजूला लागतो. काकाचा कुठे आहे ते तुम्हालाच माहीत, असं काकी सांगून गेली.

मी काय केलं असेल ते वाचणाऱ्याला कळलं असेल. म्हणालो, मी बदलून आलो, त्यानंतर कुठे हलवला मला कल्पना नाही, तिकडेच चौकशी करा. चहा मागवू का विचारलं. तो म्हणाला, "नको सायब. चौकशी लई झाली." जाताना दार हळू लावून गेला.

गेल्या हिवाळ्यात मी एटापल्लीला गेलो. दिवाळी अंकातला तो लेख छापून आल्यापासून मला झोपायला त्रास होत होता. मास्तरांचं ते वाक्य, एकही खूण सोडली नाही. पुतण्या सापडायला वेळ लागला नाही. आता त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत. अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. सूत, ट्रक, सहा दिवस, बल्लारपूर, घण. तो कामट्या काढत राहिला. संपल्यावर मी विचारलं, काकीचा दगड कुठे लावला, मला पाहता येईल का?

"पाहून काय करता, सायब? मोजता?"

त्यानं कोयता ठेवला. "तिचा एकलाच हाय," म्हणाला. "चला, जागा दाखवा मले."

सकाळच्या एस.टी.नं आम्ही गडचिरोलीला गेलो. मी सोबत जुन्या लेव्हल-वहीची माझ्याकडची नक्कल आणली होती. चौकातून चामोर्शीकडे चालायला लागलो. आंबा नाही. रेस्ट हाउस नाही. मिलच्या जागी मंगल कार्यालय. मोरी स्लॅबखाली गेलेली, वर दुकानं, ती नेमकी कुठे होती ते एकालाही सांगता येईना. रस्ता त्यानंतर कितीदा रुंद झाला, थरावर थर चढून वर आला. मी वही उघडली. चामोर्शीकडची प्रत्येक नोंद दगडापासून होती: बी.एम. ७ पासून इतकं अंतर, बी.एम. ७ पासून इतकी उंची. खुद्द दगडाची नोंद होती, 'मोरीपुढे, डावीकडे, उभा दगड.' अंतर लिहिलंच नव्हतं. तो कुठे जाणार आहे, असं वाटलं असणार.

मी एका मेडिकलपासून एका मोबाइलच्या दुकानापर्यंत दोनदा पावलं टाकली. पुतण्या कडेला उभा राहून पाहत होता.

"इथे असेल," मी म्हणालो. "किंवा थोडं पुढे. नक्की सांगता येत नाही."

"नक्की नाई?"

"नाही."

त्यानं चपला काढल्या. डांबरावर उतरला आणि मेडिकलपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत सावकाश चालत गेला, मग परत आला. एक ऑटोवाला त्याच्यावर हॉर्न वाजवत गेला. कपाळावरचा घाम पुसून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"काकी शेवटपर्यंत म्हने, बाबूनं जपून ठेवला. आता ते म्हननारं कोनी उरलं नाई, म्हनून सांगाले आले काय तुम्ही?"

मी हो म्हणालो.

त्यानं चपला घातल्या आणि बस स्टँडकडे निघाला. मी दहा पावलं मागून चालत राहिलो.